आधी कोणी गायचे?

शाळेचा मुख्याध्यापक आणि 'हेवी मेटल' संगीत यांची सांगड कशी बसते, असे वाचकांपैकी कुणाला वाटले तर त्यात त्यांची चूक नाही. माझ्या शाळेतल्या मुलांनाही हे ठाऊक नाही. या अंकामुळे ते त्यांना कळले तर सोमवारी प्रार्थनेच्या वेळी काय होईल, याची थोडी धास्ती आहेच. पण इतिहास हा माझा विषय, आणि त्या इतिहासातला एक लहानसा, अवघ्या दोन रात्रींचा प्रसंग गेली तीस वर्षे माझ्या डोक्यात घर करून आहे. १९९२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, कोस्टा मेसा नावाच्या शहरी तो घडला. ज्या वाद्यवृंदाने हेवी मेटल हा प्रकार जन्माला घातला असे जाणकार मानतात, त्याच 'ब्लॅक सॅबथ'ने त्या दोन रात्री दुसऱ्याच्या कार्यक्रमाआधी वाजवले. तो दुसरा म्हणजे त्यांनीच तेरा वर्षांपूर्वी काढून टाकलेला त्यांचा गायक.

१९९१ ते ९३ मी धारवाडला कर्नाटक विद्यापीठात इतिहास घेऊन एम. ए. करीत होतो. वसतिगृहात माझ्या खोलीत मडगावचा एक मुलगा होता. त्याचे मामा बोटीवर नोकरीला, आणि दर सुट्टीत ते भाच्यासाठी कॅसेटी आणीत. मी बेळगावहून नाट्यगीतांच्या कॅसेटी नेल्या होत्या. टू-इन-वन एकच, तोही त्याचा. तेव्हा एक दिवस त्याचे, एक दिवस माझे, असा तह झाला. पहिले दोन महिने त्याच्या दिवशी मी खोलीबाहेर फिरत असे. पुढे पावसाळा आला, बाहेर जाता येईना, आणि ऐकावेच लागले. ऐकता ऐकता कान बसला म्हणा किंवा फुटला म्हणा, पण त्या जड, संथ, जमिनीलगत सरकणाऱ्या गिटारीत काहीतरी आहे हे मला कळू लागले.

१९९२ हे साल आमच्या भागातल्या गाण्याला वाईट गेले. जानेवारीत कुमार गंधर्व देवासला गेले. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा. सप्टेंबरात मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडातच गेले. त्या दिवसांत चहाच्या टपरीवरही गाण्याचीच चर्चा, आणि चर्चेत हमखास एक विषय असे: अमक्या मैफलीत कोण कोणाच्या आधी बसला. आपल्याकडे संकेत पक्का. नवखा आधी गातो, ज्येष्ठ शेवटी. पुण्यात १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, त्याची सांगताही वर्षानुवर्षे त्यांच्याच गाण्याने होई. शेवटची जागा मानाची. ती मागून मिळत नाही आणि दिली तर नाकारायची नसते. असल्या वातावरणात कोस्टा मेसाची हकिगत माझ्या कानी आली, म्हणून ती इतकी रुतली असावी.

आता ही मंडळी कोण, ते थोडक्यात सांगतो. इंग्लंडात बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर, आणि अ‍ॅस्टन ही त्यातली कामगारवस्ती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन बॉम्बनी फोडलेली घरे या मुलांच्या लहानपणी अजून तशीच उभी होती. टोनी आयोमी, गीझर बटलर, बिल वॉर्ड आणि ऑझी ऑस्बर्न हे चौघे १९४८-४९ सालचे जन्मलेले. ऑझी कत्तलखान्यात काम करून आलेला, घरफोडीपायी काही आठवडे तुरुंगातही राहिलेला. बटलर हिशेबनीसाचे काम शिकत होता. आयोमी पत्र्याच्या कारखान्यात.

आयोमीची गोष्ट मी दरवर्षी नववीच्या वर्गात सांगतो, फक्त नाव सांगत नाही. सतरा वर्षांचा असताना त्याचा कारखान्यातला शेवटचा दिवस होता. दुसऱ्या दिवसापासून तो गिटार घेऊन दौऱ्यावर जाणार. दुपारी जेवायला घरी आला आणि आईला म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, घेतलेले काम पुरे करून ये. तो गेला, आणि त्या दुपारी यंत्राखाली सापडून उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची पेरे गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितले. कारखान्याच्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी आणून ऐकवली. राइनहार्ट हा दोन बोटे निकामी झालेला थोर गिटारवादक. मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांच्या टोप्या केल्या, वर चामडे चिकटवले, पातळ तारा लावल्या आणि पुढे त्या ढिल्या करून खालच्या स्वरात लावल्या. ढिली तार जाड, घुमणारा आवाज देते. जगभर ज्याला हेवी मेटल म्हणतात त्या आवाजाचे एक मूळ असे एका कामगाराच्या तुटलेल्या बोटांत आहे. (आईचे ऐकावे की नाही, असा प्रश्न एका मुलाने वर्गात विचारला होता. मी तास संपल्याची घंटा होईपर्यंत उत्तर लांबवले.)

१९६८ साली हे चौघे एकत्र आले. 'ब्लॅक सॅबथ' हे नाव एका भुताच्या चित्रपटावरून उचललेले. त्या नावावरून पुढे धर्मगुरूंनी आणि पालकांनी पुष्कळ आरडाओरडा केला, पण मुळात ती जाहिरातीची युक्ती होती. पहिली तबकडी त्यांनी एका दिवसात ध्वनिमुद्रित केली. ती १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी, बाजारात आली आणि त्याच वर्षी 'पॅरानॉइड' आली. समीक्षकांनी नाके मुरडली, मुलांनी डोक्यावर घेतले. पाच-सहा वर्षे त्यांचे राज्य होते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पाश्चात्त्य रॉक संगीताच्या कार्यक्रमात मुख्य वाद्यवृंदाच्या आधी एक-दोन दुय्यम वाद्यवृंद वाजवतात. त्यांना 'ओपनिंग अ‍ॅक्ट' म्हणतात. आपल्या मैफलीसारखेच, असे वरवर वाटेल, पण आतली व्यवस्था फार निराळी आहे. तिथे वयाला मान नाही. तिकिटे ज्याच्या नावावर खपतात तो शेवटी. आणि शेवटी येणाऱ्याची मिजास दुपारपासून सुरू होते. ध्वनिक्षेपक तपासण्याचा पहिला हक्क त्याचा. त्याची वाद्ये मांडून, आवाज जुळवून झाला की ती तशीच ठेवायची, आणि आधी वाजवणाऱ्यांनी आपले सामान त्यांच्या पुढ्यात, उरलेल्या अरुंद पट्टीत मांडायचे. त्यांना तपासणीला वेळ उरला तर उरला. दिवे निम्मे. आवाजही पुष्कळदा मुद्दाम कमी ठेवलेला. अर्धा-पाऊण तास वाजवायचे, आणि तेवढ्या वेळात लोक खुर्च्या शोधत, शीतपेये घेऊन येत-जात असतात. ज्याची तिकिटे काढली तो अजून यायचा आहे, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलेले.

कधी कधी ही व्यवस्था उलटते. १९६७ साली जिमी हेंड्रिक्ससारखा वादक 'मंकीज' या पोरासोरांच्या लाडक्या वाद्यवृंदाआधी वाजवीत होता. थोड्याच कार्यक्रमांनंतर त्याने तो दौरा सोडला. सॅबथलाही याचा अनुभव आला, पण दुसऱ्या बाजूने. १९७८ साली आपल्या दहाव्या वर्षाचा दौरा त्यांनी काढला, आणि आधी वाजवायला 'व्हॅन हेलन' नावाची कॅलिफोर्नियातली नवी पोरे घेतली. त्यांची पहिलीच तबकडी त्या वर्षी आलेली. एडी व्हॅन हेलनची बोटे गिटारीवर अशी काही धावत की मागून येणारे सॅबथ रोज रात्री म्हातारे दिसू लागले. सॅबथच्या मंडळींनी पुढे हे मोकळेपणी कबूलही केले आहे. दारू आणि मादक द्रव्ये यांनी तोवर चौघांनाही पोखरले होते, पण ऑझी सर्वांत पुढे. १९७९ च्या एप्रिलमध्ये त्याला काढून टाकले. त्याच्या जागी आला रॉनी जेम्स डिओ.

डिओ अमेरिकन, अंगाने लहानखुरा, सॅबथच्या चौघांपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा, आणि गळा असा की वसतिगृहातल्या त्या टू-इन-वनचा स्पीकरही थरथरे. १९८० ची 'हेवन अँड हेल' ही तबकडी त्याच्यामुळे उभी राहिली. १९८२ साली भांडण होऊन तो गेला. पुढे दहा वर्षे सॅबथमध्ये गायकांची नुसती ये-जा. डीप पर्पलचा इयन गिलन आला नि गेला, ग्लेन ह्यूज आला, टोनी मार्टिन आला. बटलर आणि वॉर्डही मध्ये सोडून गेले. सगळ्या पडझडीत कायम राहिला तो एकटा आयोमी.

इकडे हाकललेल्या ऑझीला सॅबथच्याच मॅनेजरच्या मुलीने, शॅरनने, हाताशी धरले. ती त्याची मॅनेजर झाली आणि १९८२ साली बायकोही. रँडी ऱ्होड्स नावाचा तरुण गिटारवादक त्याला मिळाला. तो १९८२ साली विमान अपघातात पंचविसाव्या वर्षी गेला, तरीही ऑझीची घोडदौड थांबली नाही. त्याच्या तबकड्या लाखांनी खपू लागल्या. जो गेला तो मोठा झाला आणि जे राहिले ते लहान झाले. १९८५ साली 'लाइव्ह एड' या मदतनिधी कार्यक्रमात फिलाडेल्फियाला मूळ चौघे एका दिवसापुरते एकत्र आले, तेव्हा त्यांना सकाळी दहाच्या आत वाजवायला उभे केले होते. तीन गाणी, आणि पुन्हा पांगापांग.

१९९२ साली डिओ सॅबथमध्ये परतला. बटलरही होता. 'डीह्यूमनायझर' ही नवी तबकडी निघाली, दौरा सुरू झाला. त्याच वर्षी ऑझीने जाहीर केले की आपण आता निवृत्त होणार. त्याच्या निरोपाच्या दौऱ्याचे शेवटचे दोन कार्यक्रम १४ आणि १५ नोव्हेंबरला कोस्टा मेसाच्या पॅसिफिक अ‍ॅम्फिथिएटरमध्ये ठरले, आणि सॅबथला विचारणा झाली, की आधी तुम्ही वाजवाल का?

आयोमी आणि बटलर हो म्हणाले. डिओ नाही म्हणाला.

डिओची बाजू समजायला अवघड नाही. हा वाद्यवृंद आता माझा आहे, आमची नवी तबकडी आहे, आम्ही ज्याला काढले त्याच्या पालखीपुढे आम्ही का नाचावे? शिवाय निरोपाच्या निमित्ताने जुने चौघे एकत्र आणायचे घाटते आहे, आणि तसे झाले की आपली गरज संपेल, हेही त्याला दिसत होते. १३ नोव्हेंबरला ओकलंडला तो सॅबथबरोबर गायला आणि निघून गेला. दुसऱ्या रात्री कोस्टा मेसा.

गायक नाही. तेव्हा आधीच निरोप धाडून बोलावून ठेवलेला रॉब हॅलफर्ड उभा राहिला. हा 'जुडास प्रीस्ट'चा गायक, बर्मिंगहॅमला लागून असलेल्या वॉल्सॉलचा, सॅबथची गाणी ऐकत मोठा झालेला. स्वतःच्या वाद्यवृंदातून तो त्याच सुमारास बाहेर पडत होता. थोडक्या तालमीवर त्याने दोन रात्री पार पाडल्या. ऑझीच्या काळातली गाणी म्हटली आणि डिओच्या काळातलीही. म्हणजे त्या रात्री पहा काय झाले: ज्याने नाही म्हटले त्याची गाणी तिसऱ्यानेच म्हटली, आणि ज्याच्यासाठी सगळे चालले होते तो पडद्यामागे आपल्याच जुन्या गाण्यांचा आवाज ऐकत तयार होत होता.

दुसऱ्या रात्री, १५ तारखेला, ऑझीचा कार्यक्रम संपता संपता आयोमी, बटलर आणि बिल वॉर्ड पुन्हा रंगमंचावर आले. चौघांनी चार गाणी वाजवली. त्यातले एक, 'ब्लॅक सॅबथ' हेच नाव असलेले, ऑझीच्या १९९३ सालच्या 'लाइव्ह अँड लाऊड' या संग्रहात घेतले आहे. मी तोवर एम. ए. होऊन बी. एड.साठी बेळगावात आलो होतो. मडगावच्या मित्राने ती कॅसेट पोस्टाने पाठवली, आणि सोबतच्या पत्रात सगळी हकिगत लिहून शेवटी लिहिले, 'डिओने बरोबर केले. तू काय म्हणतोस?' मी उलट टपाली कळवले, 'शंभर टक्के बरोबर.' वय तेवीस. तेव्हा शंभर टक्क्यांखाली मी काही कळवीत नसे.

पुढचे थोडक्यात आटोपतो. मूळ चौघांच्या पुनर्मीलनाची बोलणी १९९३ मध्ये फिसकटली. ऑझीची निवृत्ती तीन वर्षांतच मोडली, १९९५ साली तो पुन्हा दौऱ्यावर. चौघे खरोखर एकत्र आले ते १९९७ मध्ये, आणि त्या डिसेंबरात बर्मिंगहॅमला त्यांनी दोन कार्यक्रम केले. म्हणजे डिओची शंका खोटी नव्हती, पाच वर्षे आधी आली एवढेच. आणि डिओ? तोही २००६-०७ मध्ये आयोमी-बटलरकडे परतला. या वेळी वाद्यवृंदाचे नाव 'हेवन अँड हेल' ठेवले होते. सॅबथ हे नाव ऑझीच्या मेळ्यासाठी राखलेले. त्या नावाने त्यांनी २००९ साली एक चांगली तबकडी काढली. १६ मे २०१० ला पोटाच्या कर्करोगाने डिओ गेला. हॅलफर्डला सॅबथने आणखी एकदा बोलावले, २००४ च्या ऑगस्टमध्ये, ऑझी आजारी पडला तेव्हा एका रात्रीपुरते. पुन्हा बदली कामगार. त्याने कधी तक्रार केल्याचे माझ्या वाचनात नाही.

बी. एड.च्या वयात दिलेले ते उत्तर मी तीस वर्षे बदलले नव्हते. ते बदलायची वेळ संस्थेने आणली. संस्थेचे नाव सांगत नाही, आपल्या भागात तसल्या पुष्कळ आहेत. आमची मराठी शाळा संस्थेची पहिली. तिच्याच देणग्यांतून आणि तिच्याच माजी विद्यार्थ्यांच्या पैशांतून पुढे इंग्रजी शाळा उभी राहिली. मी विद्यार्थी होतो तेव्हा आठवीच्या चार तुकड्या होत्या. आता एक आहे, तीही भरताना जून महिना गल्लोगल्ली फिरण्यात जातो. इंग्रजी शाळेत प्रवेशासाठी रांग. यात कुणाला दोष द्यावा? माझा स्वतःचा मुलगा दहावीपर्यंत मराठीतून शिकला हे मी अभिमानाने सांगतो, पण भावाची दोन्ही मुले इंग्रजीत, आणि त्यांच्या प्रवेशाचे अर्ज मीच भरून दिले होते.

२०२३ च्या डिसेंबरात संस्थेचा अमृतमहोत्सव झाला. कार्यक्रमपत्रिका आली. मराठी शाळेचे कार्यक्रम सायंकाळी पाच ते सहा. प्रमुख पाहुण्यांचे आगमन साडेसहा. इंग्रजी शाळेचे कार्यक्रम सात वाजता. आमच्या संगीताच्या बाईंनी ती पत्रिका माझ्या टेबलावर ठेवली आणि त्या उभ्याच राहिल्या. एकतीस वर्षे नोकरी, मेमध्ये निवृत्ती. संस्थेच्या प्रत्येक समारंभाचे स्वागतगीत त्यांनीच बसवलेले.

"सर, शाळा आपली थोरली ना?"

"हो बाई."

"मग पाहुणे येईपर्यंत आपल्या मुलांनी खुर्च्यांना गाऊन दाखवायचं का? नाही म्हणून कळवा. मी बसवणार नाही."

त्या क्षणी मला कोस्टा मेसा आठवले, हे सांगितले तर बाईंना वेड लागल्यासारखे वाटले असते, म्हणून गप्प राहिलो. दोन दिवस विचार केला. नाही म्हणावे तर संस्थेला तेवढेच हवे होते, तासभर वाचला असता. आणि आमची मुले? त्यांपैकी बहुतेकांनी एवढ्या मोठ्या मांडवात आजवर पायही टाकलेला नव्हता. मी हो म्हणून कळवले. बाई मुख्याध्यापकांचा आदेश म्हणून तालमी घेत राहिल्या, पण कार्यक्रमाच्या दिवशी रजेचा अर्ज आला. हार्मोनियमला एक माजी विद्यार्थी बसला, तबल्याला नववीतला मुलगा.

दुपारी तीन वाजता मांडवात गेलो, तर इंग्रजी शाळेची तालीम ध्वनिक्षेपकावर चालू होती. ती साडेचारला संपली. आमच्या मुलांना तपासणीला वेळ उरला नाही. मागे त्यांची नेपथ्याची कमान उभी करून ठेवलेली, आमच्या मुलांनी तिच्या पुढच्या पट्टीत दाटीवाटीने उभे राहायचे. मोठे दिवे पाहुण्यांसाठी राखलेले. पहिल्या गाण्यात माईक दोनदा गेला.

पण एक गोष्ट मला पत्रिका वाचताना सुचली नव्हती. पाच वाजता मांडवात आलेले लोक कोण होते? आमच्याच मुलांचे आईबाप. कुणी गिरणीतून सुटी काढून आलेले, कुणी भाजीची पाटी लवकर उतरवून. आजूबाजूच्या खेड्यांतले, ज्यांची परतीची शेवटची एस. टी. साडेसहा-पावणेसातची. ते पाहुण्यांसाठी आले नव्हते आणि थांबणारही नव्हते. त्यांच्या हिशेबी कार्यक्रम पाचला सुरू झाला आणि सहाला संपला. पुढच्या चार रांगा राखीव म्हणून रिकाम्या, त्यांच्यामागे हे लोक उभे राहून ऐकत होते. खुर्च्या रिकाम्या होत्या हे बाईंचे म्हणणे खरे होते. खुर्च्यांच्या मागे माणसे होती, हे त्यांना बघायला मिळाले नाही. आणि कोस्टा मेसालाही त्या दोन रात्री लवकर येऊन बसलेले, ऑझीसाठी नव्हे तर सॅबथसाठीच तिकीट काढलेले काही लोक असतीलच की, असे मला त्या मांडवात पहिल्यांदा वाटले.

तरीही बाई चुकल्या असे मी म्हणू शकत नाही. माईक गेला तेव्हा मुलांचे चेहरे मी पाहिले आहेत. त्यांना कळत होते. मुलांना सगळे कळते. मेमध्ये बाई निवृत्त झाल्या, निरोप समारंभात माझ्याशी दोन वाक्ये बोलल्या, दोन्ही औपचारिक.

५ जुलै २०२५, शनिवार. बर्मिंगहॅमला अ‍ॅस्टनमधल्या व्हिला पार्क फुटबॉल मैदानावर सॅबथचा अखेरचा कार्यक्रम होता. ऑझीचे बालपणीचे घर तिथून जवळच. पुण्याला नोकरीत असलेला माझा मुलगा मुद्दाम घरी आला होता, त्याने कॉम्प्युटरवर दाखवण्याचे तिकीट काढले होते. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. टीव्हीवर पंढरपूरची महापूजा लावायची असल्याने सौभाग्यवतींनी आधीच बजावले, की तुमचा गोंधळ आतल्या खोलीत आणि दार लावून. तेव्हा आम्ही दोघे दार लावून रात्रभर बसलो.

एकामागून एक वाद्यवृंद येत होते. अँथ्रॅक्स, स्लेयर, गन्स अँड रोझेस, सर्वांत शेवटी मेटॅलिका. यांतले कित्येक स्वतःच्या नावावर मैदाने भरवणारे. मेटॅलिकाच्या आधी वाजवायला मिळावे म्हणून लोक धडपडतात. ते सगळे त्या दिवशी आधी वाजवणारे होते आणि प्रत्येक जण सॅबथचे एखादे गाणे म्हणून नमस्कार करून जात होता. मग ऑझी आला. कंपवाताने चालता येत नव्हते, काळ्या सिंहासनात बसूनच तो रंगमंचावर वर आला. आधी त्याने आपल्या वाद्यवृंदाबरोबर स्वतःची पाच गाणी म्हटली. थोडा वेळ गेला. मग आयोमी, बटलर आणि बिल वॉर्ड आले, आणि त्याच सिंहासनातून त्याने सॅबथची चार गाणी म्हटली.

"बाबा, म्हणजे ऑझीनंच ऑझीच्या आधी गायलं," मुलगा म्हणाला.

मी म्हटले, "नीट बघ. नव्वदच्या दशकात सॅबथनं ऑझीच्या आधी वाजवलं. आज ऑझी सॅबथच्या आधी गायला."

"आणि तो दोन रात्री गाणारा? हॅलफर्ड?"

हॅलफर्ड तिथे नव्हता. त्याच दिवशी जर्मनीत हॅनोव्हरला 'स्कॉर्पियन्स' या वाद्यवृंदाचा साठाव्या वर्षाचा समारंभ होता आणि जुडास प्रीस्टने आधीच शब्द दिलेला होता. स्वतःची पन्नास वर्षांची कारकीर्द पाठीशी असताना, त्र्याहत्तर वर्षांचा हा माणूस त्या संध्याकाळी दुसऱ्याच्या समारंभात त्याच्या आधी गात होता. मुलाला हे सांगितले तेव्हा बाहेरच्या खोलीतून विठ्ठलाच्या आरतीचा आवाज येत होता.

सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला. वय शहात्तर. मडगावच्या मित्राचा फोन आला. तो आता स्वतःच आजोबा झाला आहे. तासभर बोललो. डिओबद्दल तो अजून त्याच्या मतावर ठाम आहे. मी म्हटले, मी साठ टक्क्यांवर आलो आहे. तो म्हणाला, मुख्याध्यापक झाल्यावर माणसाचे असेच होते.

परवा संस्थेच्या वार्षिक संमेलनाची कच्ची पत्रिका आली. मराठी शाळा, सायंकाळी पाच. मी ती घेऊन बाईंच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला. चष्मा लावून पत्रिका वरून खालपर्यंत वाचली, घडी घातली आणि विचारले, "माईक तपासायला मुलांना वेळ मिळणार आहे का?"

तसा अर्ज मी संस्थेकडे केला आहे. उत्तर यायचे आहे.